आक्काचे अभिप्राय

माझी थोरली बहीण आमच्या घरी नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या आणि एक चष्मा होता. त्या चष्म्याचा फारसा उपयोग राहिला नव्हता. साखरेनं तिची नजर खाल्ली होती. मेहुणे वारले, मूलबाळ नव्हतं आणि दिरांना तिची अडचण व्हायला लागली होती, म्हणून मी तिला घेऊन आलो. लोकांनी माझं कौतुक केलं. मी ते कौतुक घेतलंही. मी आज जे लिहितो आहे त्याची सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण माझ्यावर तिचं जे ऋण होतं ते पाहता कौतुक करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आमची जमीन सायखेड्याच्या अलीकडे. मेथी, कोथिंबीर आणि झेंडू. झेंडू पहाटे तोडावा लागतो, आणि तोडायला हात लागतात. आक्का सातवीत असताना वडिलांनी ठरवलं की दोघांपैकी एकानं शाळेत जायचं. मी मुलगा होतो, त्यामुळे विचार करायला फार वेळ लागला नाही. आक्कानं शाळा सोडली. संध्याकाळी मी गणितं करत बसलो की ती माझं मराठीचं पुस्तक घ्यायची आणि बांधावर बसून बोटानं ओळ धरून वाचायची. मी एक इयत्ता पुढे गेलो की तीही तेवढं पुढे जायची, फक्त परीक्षा मी द्यायचो.

नाशिकला कॉलेजात असताना तिथल्या जुन्या वाचनालयाचा मी सभासद झालो. शनिवारी घरी जाताना तिच्यासाठी एक पुस्तक न्यायचो. तिचं लग्न झालं तेव्हा मी म्हणालो होतो, "नोकरी लागली की तुझ्या नावावर वाचनालयाचं कार्ड काढून देतो." नोकरी लागली. कार्ड काढायला मला पंचवीस वर्षांहून जास्त लागली.

ते कार्डही शेवटी मी घरबसल्या काढलं. वाचनालयानं तोवर मोबाइलवर पुस्तकं द्यायला सुरुवात केली होती. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी आवाजातली पुस्तकंही होती. मी माझा जुना फोन तिला दिला, त्यात वाचनालयाचं ॲप टाकलं, फॉर्म भरला. मोबाइल क्रमांकाच्या जागी माझा क्रमांक टाकला, कारण तिचा क्रमांक तिलाच पाठ नव्हता आणि मला घाई होती. दर पंधरा दिवसांनी ते ॲप पुन्हा ओटीपी मागायचं आणि तो माझ्या फोनवर यायचा.

"भाऊ, ते आकडे दे ना."

"आक्का, कामावर असताना फोन करू नको. आत फोन न्यायला परवानगी नाही, लॉकरमध्ये असतो."

"मंग ती बाई मध्येच थांबली. तिला सासरी सोडून आली मी."

म्हणजे गोष्टीतली नायिका. आकडे मी घरी आल्यावर सांगायचो आणि तोपर्यंत ती नायिका दिवसभर सासरच्या उंबऱ्यात उभी असायची.

मेथी निवडता निवडता ती ऐकायची. वाचणारीचा आवाज भरभर झाला की फोनलाच सांगायची, "हळू वाच गं बाई, कोण मागं लागलंय तुझ्या?" आवाजाचा वेग कमी करता येतो हे मी तिला दाखवलं तेव्हा तिनं दोन दिवस तेच केलं, एकदा हळू, एकदा भरभर, आणि हसत राहिली. माझी बायको म्हणाली, "आक्का आल्यापासून घरात एक माणूस नाही, दोन माणसं आलीत. एक त्या आणि एक ती फोनमधली."

त्याच वर्षी वाचनालयानं 'वाचनवर्ष' नावाचा उपक्रम काढला. पंचावन्नच्या पुढच्या सभासदांसाठी. महिन्याला एक पुस्तक, बारा महिने. प्रत्येक पुस्तकावर पाच-सहा ओळींचा अभिप्राय त्यांच्या वेबसाइटवर लिहायचा. बारा पूर्ण करणाऱ्यांचा वर्धापनदिनाला सत्कार आणि अभिप्रायांची छोटी स्मरणिका. मी हे तिला सहज सांगितलं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हणजे मी जे सांगेन ते ते लोक वाचतील?"

"हो."

"छापतील?"

"बारा झाले तर."

"मग बारा करू." जुडी पुन्हा उचलत म्हणाली, "मला आजवर कुणी इचारलं नाय रे, पुस्तक कसं वाटलं म्हणून. तू आणून द्यायचा, मी वाचायची, तू परत न्यायचा."

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं.

पहिलं पुस्तक एका कुटुंबाची कादंबरी होती, दुःखाची. जेवताना तिनं अभिप्राय सांगितला आणि मी ताट बाजूला ठेवून तो जसाच्या तसा फोनवर टाइप केला: "या पुस्तकात समदे रडतात, पण कोणी भांडी घासत नाय. रडून झाल्यावर खरकटं कोण काढतं ते लिहायला पाहिजे होतं. म्हातारीचं मरण मात्र खरं हाय." पाठवला. पाठवल्यावर मी तो पुन्हा वाचला आणि मला लाज वाटली.

हे लिहायला मला इतके दिवस लागले ते या एका वाक्यामुळे. मला माझ्या बहिणीच्या बोलण्याची लाज वाटली. इतर सभासद निवृत्त प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, त्यांच्या बायका. त्यांच्या अभिप्रायांत 'व्यक्तिचित्रण' आणि 'आशयघन' असे शब्द होते. त्यांच्याखाली माझ्या बहिणीची खरकटी भांडी. लोक हसतील असं मला वाटलं, आणि हसले तर तिला वाईट वाटेल असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या महिन्यात मी तिचं बोलणं थोडं 'नीट' करून लिहिलं. तिसऱ्या महिन्यात ती बोलत असताना मी फक्त मान हलवली आणि नंतर जे आठवलं ते माझ्या भाषेत लिहिलं. चौथ्यापासून आठवतही नव्हतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे तपासणीच्या तक्त्यात रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. माप घ्यायचं राहिलं असलं तरी शिफ्ट संपताना रकाना भरलेला हवा. तिथं मी तसं कधी केलं नाही असं म्हणणार नाही. पण ती सवय अशी घरी येईल असं वाटलं नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या, मी पुस्तकाच्या माहितीतली दोन वाक्यं उचलायचो, त्यांत फेरफार करायचो आणि आक्काच्या नावाचा रकाना भरायचो.

आणि ती मात्र प्रत्येक पुस्तकाचा अभिप्राय मला जेवताना सांगत राहिली. दिवसभर जमवून ठेवायची. एकदा एका कादंबरीच्या शेवटी नायिका नवऱ्याला माफ करते. आक्का म्हणाली, "दोनशे पानं त्यानं तिला छळलं आणि शेवटच्या दोन पानांत ही म्हणते जाऊ दे. लिहिणाऱ्याला घरी जायची घाई झाली असंल." मला हसू आलं. बायको तर घास हातात धरून हसत राहिली. मी लिहिलं होतं: "स्त्रीच्या क्षमाशीलतेचे मनोज्ञ दर्शन घडवणारी कलाकृती."

बायकोनं ते एकदा माझ्या फोनवर पाहिलं. म्हणाली, "बहिणीचा अभ्यास भाऊ करतोय. निदान त्यांना एकदा वाचून तरी दाखवा."

"दाखवतो," मी म्हणालो.

वाचनालयात हा उपक्रम पाहणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी वर्षाच्या मध्यावर निरोप पाठवला, "काकू, तुमचं वाचन अगदी नियमित चालू आहे. खूप छान." निरोप माझ्या फोनवर आला. मी आक्काला म्हणालो, "बाईंना आवडलंय तुझं."

"कोणतं?" तिनं विचारलं. "ते घाईचं?"

"हो. तेच."

तिनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला, फोनवर दिराच्या सुनेलासुद्धा तिनं सांगितलं की वाचनालयातल्या बाईंना आपलं घाईचं बोलणं आवडलं. मी ऐकत होतो. त्या दिवशी सांगता आलं असतं. नंतरही कितीतरी दिवस सांगता आलं असतं.

वर्धापनदिनाला ती नवी साडी नेसली. वाचनालयाचा जिना उभा आहे. माझा हात धरून ती एकेक पायरी चाचपत चढली आणि वर आल्यावर थांबून म्हणाली, "पुस्तकांचा वास हाय." तिला कपाटं दिसत नव्हती. ज्या वाचनालयाची पुस्तकं ती लग्नाआधीपासून वाचत आली होती त्यात तिचा पाय त्या दिवशी पहिल्यांदा पडला, आणि हे माझ्या तेव्हाच प्रथम लक्षात आलं.

बारा पूर्ण करणारे नऊ जण होते. प्रत्येकाला बोलावण्याआधी निवेदक स्मरणिकेतला त्यांचा एक अभिप्राय वाचून दाखवत होते. आक्का पुढच्या रांगेत माझ्या शेजारी होती. तिचा नंबर आला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. ती तिच्या शब्दांची वाट पाहत होती, मला ते तिच्या बोटांत कळत होतं. निवेदकांनी वाचलं, "स्त्रीच्या क्षमाशीलतेचे मनोज्ञ दर्शन." मग पुढच्या ओळी. सहाच्या सहा.

तिची बोटं सैल झाली. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. तिला मी धुरकट दिसत असणार. मला ती स्पष्ट दिसत होती.

तिला व्यासपीठावर नेलं. शाल, नारळ, प्रमाणपत्र. पाहुणे मोठे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी माइक तिच्यापुढे धरला आणि प्रेमानं विचारलं, "काकू, सातवीपर्यंत शिकलात म्हणे. मग इतकं सुंदर मराठी कुठून शिकलात?"

त्या वेळी ती खरं सांगू शकली असती. हे माझं नाही, एवढंच सांगता आलं असतं. ती माइककडे तोंड करून म्हणाली, "भावाकडून."

सभागृहात टाळ्या झाल्या. काही लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. काय करावं ते कळलं नाही म्हणून हात जोडले.

परतताना रिक्षात मुंबई नाक्यापर्यंत ती मांडीवरच्या शालीच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, माझं बोलणं इतकं वाईट होतं का रे?"

"नाही आक्का. छापायचं म्हणजे शुद्ध भाषेत लिहावं लागतं. नियमच असतो त्यांचा."

नियम नव्हता. मी तिथंही खोटंच बोललो.

"मंग मला तसं सांगायचं," ती म्हणाली. "मी उगा जेवताना तुझं डोकं खाल्लं वर्षभर."

त्यानंतर तिनं पुस्तकं सोडली नाहीत. सोडली असती तर मला बोलायला निमित्त मिळालं असतं. मेथी निवडताना फोन चालू असायचा, पंधरा दिवसांनी ती आकडे मागायची. फक्त जेवताना काही सांगायची नाही. मी मुद्दाम विचारायचो, "कसं आहे पुस्तक?" ती म्हणायची, "चांगलं हाय," आणि भाकरी मोडायची. बायको एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "पाय धरा त्यांचे. एकदाच धरा आणि मोकळे व्हा." मी म्हणालो, रविवारी निवांत बोलतो. असे आठ महिन्यांतले सगळे रविवार गेले. प्रत्येक रविवारी काही ना काही काम निघालं. खरं सांगायचं तर मीच काढलं.

श्रावणातल्या एका सकाळी ती न्हाणीत पडली. दवाखान्यात नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती. जीव वाचला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. चित्रं दाखवायच्या, गाय, तांब्या, दिवा. आक्का ओठ हलवायची, नुसता आवाज यायचा. पाचव्या महिन्यात त्या बाई मला दारात म्हणाल्या की आता फार आशा धरू नका.

त्या आठवड्यात मी वाचनालयात गेलो. उपक्रमाच्या त्या तरुण बाई देवघेवीच्या टेबलाशी होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "मला शंका आली होती काका. पहिला अभिप्राय एका माणसाचा होता आणि नंतरचे दुसऱ्याच."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"काकूंना फोन केला होता मी दोनदा. नंबर तुमचा लागायचा. तुम्ही म्हणालात, त्या झोपल्यात."

हे मी विसरून गेलो होतो. त्यांनी सांगितल्यावर आठवलं.

त्या मला बालविभागाच्या दाराशी घेऊन गेल्या. तिथं भिंतीवरच्या फलकावर, मुलांच्या चित्रांच्या मध्ये, मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद होता. 'या पुस्तकात समदे रडतात, पण कोणी भांडी घासत नाय.' त्या म्हणाल्या, "पहिल्याच महिन्यात लावला. मुलं आली की मी हा वाचून दाखवते. पुस्तकाबद्दल असं बोलायचं असतं, म्हणून." सत्काराच्या दिवशी आम्ही दुसऱ्या जिन्यानं वर गेलो होतो, म्हणून हा फलक मी पाहिलाच नव्हता.

मी स्मरणिका बदलता येईल का विचारलं. छापलेली बदलता येत नाही, वेबसाइटवरचे अकरा काढता येतील, असं त्या म्हणाल्या. मी काढायला सांगितले. त्यांच्या जागी तिचे खरे लिहून द्यायचे असतील तर चालेल, असंही त्या म्हणाल्या, फक्त या वेळी काकूंना विचारून.

मी घरी येऊन वही घेतली. अकरा पुस्तकांची यादी ॲपमध्ये होतीच. प्रत्येक नावापुढे तिनं जेवताना काय सांगितलं होतं ते आठवायला बसलो. वर्षभर ती माझ्यासमोर बसून बोलली होती. मला तीन आठवली. त्यांतलं घाईचं एक बायकोलाही पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काला उशीला टेकवून बसवलं. तिच्यासमोर खुर्ची घेतली आणि आधी जे सांगायचं होतं ते सांगितलं. आठ महिने आणि वर पाच महिने उशिरा. तिनं ऐकलं. चेहरा अर्धाच हलतो, त्यावरून मला काही कळलं नाही, आणि कळलं असं मी इथं लिहिणार नाही.

मग फलकावरचा पहिला अभिप्राय वाचला. तो वाचनालयात लावला आहे हे सांगितलं. मुलांना वाचून दाखवतात हेही. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते बायकोनं पुसलं. मग घाईचं वाचलं. तिनं डोळे मिटून उघडले, म्हणजे हो. दुसरं वाचलं, तेही हो.

तिसरं डोंगराकडच्या एका डॉक्टरच्या आठवणींवरचं होतं, सुरगाण्यासारख्या मुलखातल्या. त्यात एक म्हातारी दर आठवड्याला चालत दवाखान्यात येते आणि तिला काही झालेलं नसतं. मी वाचलं: "ती म्हातारी औषधाला येत नव्हती, कोणीतरी हात धरावा म्हणून येत होती."

आक्कानं डावा हात चादरीवरून उचलला आणि आडवा हलवला. नाही.

"असंच म्हणाली होतीस ना?"

हात पुन्हा हलला.

मी शब्द बदलले. "कोणीतरी विचारपूस करावी म्हणून?" नाही. "डॉक्टर तिला पोरासारखा वाटायचा, असं काही?" नाही. बायको म्हणाली, "आक्का, डॉक्टरबद्दल होतं का म्हातारीबद्दल?" तिचे ओठ हलायला लागले. घशातून आवाज आला, लांब, चढत गेलेला, आणि त्यात एक अख्खं वाक्य होतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तिनं ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त सावकाश, मला समजावं म्हणून, लहानपणी मला पाढे म्हणून दाखवायची तसं.

मी म्हणालो, "आक्का, कळलं नाही."

तिनं मान उशीवर टेकली. मी वहीतली ती ओळ खोडली आणि तिला दिसणार नाही हे माहीत असूनही खोडलेली ओळ तिच्यापुढे धरली.